सपाट कागदावरची गोल पृथ्वी

शाळेच्या वर्गात किंवा गावच्या वाचनालयात भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. निळा समुद्र, गुलाबी-पिवळे-हिरवे देश, आणि वर-खाली ठोकलेल्या दोन लाकडी पट्ट्या. या नकाशावर आपला इतका विश्वास असतो की त्याला उलट प्रश्न विचारावा असे मनातही येत नाही. छापील वस्तू, त्यातून शाळेत टांगलेली. मग ती चुकीची कशी असेल, असं आपण धरूनच चालतो. आज मात्र या नकाशाला एक साधा प्रश्न विचारून पाहू या.

नकाशाच्या अगदी वरच्या बाजूला, कॅनडाच्या उजव्या अंगाला, ग्रीनलंड नावाचे बर्फाचे बेट आहे. ते शोधा. आता त्याची आपल्या भारताशी तुलना करा. कोण मोठे दिसते? नकाशा जुन्या वळणाचा असेल, तर ग्रीनलंड भारताच्या कितीतरी पट मोठे दिसेल. इतकेच नव्हे, तर ते जवळजवळ आफ्रिका खंडाच्या बरोबरीचे वाटेल.

आता खरे आकडे पाहा. भारताचे क्षेत्रफळ सुमारे ३२ लाख ८७ हजार चौरस किलोमीटर. ग्रीनलंडचे सुमारे २१ लाख ६६ हजार. म्हणजे ग्रीनलंड भारताच्या दोन-तृतीयांश आहे. आणि आफ्रिका? तिचे क्षेत्रफळ ३ कोटी चौरस किलोमीटरांहून थोडे जास्त. तिच्या पोटात चौदा ग्रीनलंड मावतील!

आपल्या घरचेच उदाहरण घेऊ. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर आणि युरोपातल्या फिनलंडचे ३ लाख ३८ हजार. म्हणजे फिनलंड आपल्याहून जेमतेम एक-दशांशाने मोठा. पण याच नकाशात तो महाराष्ट्राच्या पाचपट तरी दिसतो. आता तुम्ही म्हणाल, नकाशा काढणाऱ्याला मोजता येत नव्हतं की काय? तर तसे मुळीच नाही. त्याने मोजमाप काळजीपूर्वक केलेले असते. अडचण आहे ती कागदाची.

ही अडचण समजायला प्रयोगशाळा नको. बाजारात दाणे-फुटाणे ज्या कागदी पुडीत मिळतात, ती पुडी घ्या. वर रुंद, खाली टोकदार. दाणे संपले की ती उलगडा. कागद पुन्हा सपाट होतो, कुठे फाटत नाही, कुठे ताणावा लागत नाही. पुडीवर तुम्ही एखादे चित्र काढले असते, तर तेही उलगडल्यावर जसेच्या तसे राहिले असते. कागदाच्या नळकांड्याचेही तसेच. आता रबरी चेंडू घ्या आणि मधोमध कापून त्याची अर्धी वाटी टेबलावर दाबून सपाट करू पाहा. कडा ताणतात, मध्ये फुगवटा राहतो, जोर केलात तर रबर फाटते. संत्र्याच्या सालीचा अनुभव तर सर्वांनाच आहे. ती सपाट पसरायची म्हणजे तिला चिरा पडल्याच पाहिजेत.

पुडी सपाट होते आणि चेंडू होत नाही, हा काही हाताच्या कौशल्याचा प्रश्न नाही. कार्ल फ्रीडरिख गाऊस या थोर जर्मन गणितज्ञाने १८२७ साली ही गोष्ट गणिताने सिद्ध केली. हॅनोव्हर राज्याच्या जमीन-मोजणीचे काम त्याच्याकडे होते. डोंगरमाथ्यावरून दुर्बिणी रोखून त्याने स्वतः कोन मोजले होते. त्याच्या सिद्धांताचा आपल्यापुरता अर्थ असा: गोलाचा कोणताही तुकडा, तो कितीही लहान असो, ताणल्याशिवाय किंवा आवळल्याशिवाय सपाट करता येत नाही. तेव्हा अचूक सपाट नकाशा आजवर कुणाला जमला नाही, आणि पुढेही कुणाला जमायचा नाही. यंत्रे कितीही सुधारली तरी यात फरक पडणार नाही.

मग नकाशे काढायचेच नाहीत का? काढायचे, पण तडजोड करून. गोलावर चार गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात: प्रदेशांचे क्षेत्रफळ, त्यांचा आकार, दोन गावांमधले अंतर आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणाची दिशा. कागदावर उतरताना या चारांपैकी काही सांभाळता येतात आणि बाकीच्यांवर पाणी सोडावे लागते. काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे नकाशा काढणारा ठरवतो. त्यासाठी पृथ्वीवरच्या रेषा कागदावर उतरवण्याची जी रीत तो निवडतो, तिला प्रक्षेपण म्हणतात. शब्द जड वाटतो, पण तिच्या मुळाशी पुष्कळदा आपली दाण्याची पुडीच असते. गोलाभोवती कागदाचे नळकांडे किंवा पुडी गुंडाळली आहे अशी कल्पना करायची, गोलावरचे चित्र तिच्यावर उतरवायचे, आणि मग ती उलगडायची.

ज्या नकाशाने ग्रीनलंडला एवढे फुगवले, त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. गेरार्डस मर्केटर हा फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियममध्ये, १५१२ साली जन्मला. पुढे जर्मनीतल्या ड्यूसबुर्ग गावी राहून त्याने १५६९ साली अठरा कागदांवर जगाचा एक मोठा नकाशा प्रसिद्ध केला. तो खास दर्यावर्दी लोकांसाठी होता. त्या काळी जहाजे महिनोन् महिने समुद्रावर असत. तांडेलापाशी होकायंत्र असे. आपल्या बंदरापासून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत जायला होकायंत्राचा कोणता कोन धरून चालावे, हे त्याला हवे असे. कोन एकच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मर्केटरच्या नकाशावर दोन बंदरे सरळ रेषेने जोडली की तो कोन मिळतो. पट्टी ठेवा, रेघ ओढा, कोन मोजा, जहाज हाकारा!

ही सोय काही फुकट मिळालेली नाही. पृथ्वीच्या गोलावर रेखावृत्ते, म्हणजे उत्तर-दक्षिण जाणाऱ्या उभ्या रेषा, ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येतात आणि ध्रुवापाशी एकत्र मिळतात. विषुववृत्तावर एक अंश रेखांशाची रुंदी १११ किलोमीटर असते. मुंबईच्या अक्षांशावर ती १०५ किलोमीटर होते, आणि हेलसिंकी किंवा ऑस्लो ज्या ६० अक्षांशाच्या आसपास आहेत, तिथे ती अवघी ५६ किलोमीटर उरते. मर्केटरने या सगळ्या रेषा समांतर काढल्या. म्हणजे ६० अक्षांशावरचा प्रदेश आडवा दुप्पट ताणला गेला. नुसता आडवा ताणला तर आकार बिघडेल आणि कोनही चुकतील. म्हणून त्याने तो उभाही दुप्पट ताणला. दोन दुणे चार! त्या ठिकाणचे क्षेत्रफळ चौपट दिसू लागले. ७५ अक्षांशावर हाच हिशेब सुमारे पंधरापटीवर जातो, आणि ग्रीनलंडचा बराच भाग त्याच भागात आहे. प्रत्यक्ष ध्रुव तर या नकाशात दाखवताच येत नाही. त्यासाठी कागद अनंत लांबीचा लागेल. मुंबईपाशी मात्र हा फुगवटा बारा टक्क्यांच्या आसपासच आहे. आपण विषुववृत्ताच्या जवळ राहणारे, म्हणून आपल्या वाट्याला फुगणे कमी आले, इतकेच.

दर्यावर्दीला ग्रीनलंडच्या क्षेत्रफळाशी काय कर्तव्य? त्याला कोन हवा होता, तो मिळाला. त्या कामासाठी हा नकाशा अव्वल आहे. एडवर्ड राइट या इंग्रज गणितज्ञाने १५९९ साली कोणत्या अक्षांशावर किती ताण द्यायचा याची कोष्टके छापली, आणि मग ही पद्धत खलाशांत रुजली. घोटाळा झाला तो पुढे, हा जहाजावरचा नकाशा शाळेच्या भिंतीवर आला तेव्हा. तिथे मुले त्यावरून कोन मोजत नाहीत. ती देशांचे मोठेपण पाहतात. वर्षानुवर्षे तेच चित्र डोळ्यांपुढे राहिले की युरोप आणि रशिया अवाढव्य, आणि आफ्रिका, भारत, दक्षिण अमेरिका लहान, अशी समजूत घर करून बसते. रशियाचे क्षेत्रफळ १ कोटी ७१ लाख चौरस किलोमीटर आहे. आफ्रिका त्याच्या पावणेदोन पट आहे. हे वाक्य ऐकून किती सुशिक्षित माणसे चमकतात, ते घरी विचारूनच पाहा.

ही नुसती पांडित्याची बाब नाही. जर्मन इतिहासकार आर्नो पीटर्स याने १९७३ साली दुसऱ्या पद्धतीचा नकाशा पुढे आणला. त्यात प्रत्येक देशाचे क्षेत्रफळ खऱ्या प्रमाणात होते. ही रीत जेम्स गॉल या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८५५ सालीच मांडली होती. या नकाशावर आफ्रिका मोठी दिसली खरी, पण ओल्या धोतरासारखी लांबुळकी लोंबू लागली. क्षेत्रफळ सांभाळले, आकार गेला! पुढे २०१८ साली तिघा नकाशाकारांनी ‘इक्वल अर्थ’ नावाचे प्रक्षेपण तयार केले. त्यात क्षेत्रफळे खरी राहतात आणि आकारही डोळ्यांना फारसे खुपत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये आफ्रिकन युनियनने, शाळा-कचेऱ्यांतून मर्केटरचा नकाशा उतरवून असा नकाशा लावावा, या मोहिमेला पाठिंबा दिला. आपल्या खंडाचे खरे माप मुलांच्या डोळ्यांपुढे असावे, असे एका खंडातल्या राष्ट्रांना वाटले, यात नवल काय?

तरीही मर्केटर हद्दपार झालेला नाही, बरं का. तुमच्या खिशातल्या मोबाइलवर जो नकाशा उघडतो, तो बहुधा त्याच्याच पद्धतीची एक आवृत्ती असतो. त्याचे कारणही रास्त आहे. बोटांनी नकाशा मोठा करत तुम्ही आपल्या गल्लीपर्यंत येता, तेव्हा चौकातले रस्ते काटकोनात भेटले पाहिजेत आणि इमारती तिरप्या दिसता कामा नयेत. कोन सांभाळणारी पद्धत या कामाला उत्तम. जग एकदम पाहायचे असेल तेव्हा मात्र ती फसवते. म्हणून गूगलने २०१८ साली संगणकावरच्या आपल्या नकाशात, चित्र पुरेसे लहान केले की सपाट जगाऐवजी गोल दिसेल अशी व्यवस्था केली.

क्षेत्रफळाप्रमाणे अंतराचीही फसगत होते. सपाट नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क सरळ रेषेने जोडा. मर्केटरच्या नकाशावर ही रेघ अरबस्तान, इजिप्त, अल्जीरिया, मोरोक्को यांवरून जाऊन अटलांटिक महासागर ओलांडते. दिसायला हाच जवळचा रस्ता. त्या रेघेने गेल्यास सुमारे १४,२०० किलोमीटर पडतात. आता पृथ्वीचा गोल घ्या आणि त्याच दोन शहरांवर दोरा ताणून धरा. दोरा कुठे जातो? मध्य आशियावरून वर चढत सेंट पीटर्सबर्गच्या आसपास येतो, तिथून आइसलंडवरून, ग्रीनलंडच्या खालच्या टोकाजवळून अमेरिकेत उतरतो. हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. सतराशे किलोमीटरांचा फरक! ताशी नऊशे किलोमीटर जाणाऱ्या विमानाचे जवळजवळ दोन तास वाचतात. वारा कुठला आहे, कोणत्या देशावरून जायला मनाई आहे, हे पाहून वैमानिक वाट थोडीफार बदलतो. पण त्याचा आधार गोलावरचा दोराच असतो. विमानाचा मार्ग नकाशावर वाकडा दिसला, तर वैमानिक वळसा घालतो आहे असे समजू नका. रस्ता सरळ आहे, कागदाने तो वाकवला आहे.

नकाशाच्या कडाही अशाच फसव्या. पुष्कळ नकाशांत अलास्का डाव्या टोकाला असतो आणि सैबेरिया उजव्या. पाहणाऱ्याला वाटते, दोघांमध्ये सारे जग पडले आहे. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये बेरिंगची सामुद्रधुनी आहे आणि ती अरुंद जागी ८५ किलोमीटरच्या आसपास रुंद आहे.

एखाद्या जागेपासूनची अंतरे खरी हवी असतील, तर त्यासाठीही नकाशा निघतो. संयुक्त राष्ट्रसंघाचे निळे बोधचिन्ह आठवा. दोन ऑलिव्हच्या डहाळ्या आणि मध्ये जगाचा नकाशा. १९४६ साली स्वीकारलेल्या या चिन्हात उत्तर ध्रुव मध्यभागी आहे. त्या मध्यबिंदूपासून प्रत्येक ठिकाणचे अंतर खऱ्या प्रमाणात आहे. याच्या मोबदल्यात दक्षिणेकडचे देश आडवे ताणले गेले आहेत. इथेही देणे-घेणे आहेच.

आता कुणी म्हणेल, जगाचा नकाशा फसवतो. मग तालुक्याच्या नकाशावर तरी भरवसा ठेवावा की नाही? खुशाल ठेवावा. प्रदेश लहान असेल तर ताण इतका किरकोळ असतो की तो कागदावर दिसणारही नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत पन्नास हजारास एक असे प्रमाण असते, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचा अर्धा किलोमीटर दाखवतो. अशा एका कागदावर अंतर पट्टीने मोजायला काहीच हरकत नाही. पण या मालिकेतले जुने कागद जमिनीवर पसरून एकमेकांना जोडत गेलात, तर दूरवर गेल्यावर कडा नीट जुळेनाशा होतात. पृथ्वीचा गोलपणा तिथे डोके वर काढतो.

या गोलपणाचे नेमके माप घेण्याच्या कामाशी आपल्या महाराष्ट्राचे एक गाव जोडलेले आहे. विल्यम लँबटन या अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ पायाभूत रेषा मोजून हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला. कन्याकुमारीपासून उत्तरेकडे, त्रिकोणाला त्रिकोण जोडत, त्याची माणसे वीस वर्षे चालत होती. १८२३ साली, काम अर्ध्यावर असताना, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे त्याला मृत्यू आला. तिथेच त्याचे दफन झाले. त्याच्यामागून जॉर्ज एव्हरेस्टने हे काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. ही मोजणी सुमारे २,४०० किलोमीटरांची होती. नकाशे तर तिच्यातून निघालेच. शिवाय पृथ्वीचा बाक कुठे किती आहे, हेही तिने दाखवले. आज आपल्याला ठाऊक आहे की पृथ्वी अगदी चेंडूसारखी गोल नाही. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे आणि ध्रुवापाशी ६,३५७. हा एकवीस किलोमीटरांचा फरक लक्षात घेतल्याशिवाय नेमका नकाशा निघत नाही.

पृथ्वी गोल आहे हे ज्ञान आपल्याकडे जुनेच आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास आपल्या ग्रंथात पृथ्वीला कदंबाच्या फुलाची उपमा दिली आहे. फुलाच्या गोळ्यावर जसे सर्व बाजूंनी केसर, तसे पृथ्वीवर सर्व बाजूंनी जीव. आपण ज्या विषयाला भूगोल म्हणतो, त्याच्या नावातच गोल आहे. आणि तो विषय आपण शिकतो मात्र सपाट कागदावर!

मग सरळ पृथ्वीचा गोलच का वापरू नये? वापरावाच, पण त्याचीही मर्यादा ओळखावी. तीस सेंटिमीटर व्यासाच्या शाळेतल्या गोलावर अख्खा भारत काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत साडेसात सेंटिमीटरांत बसतो. त्यावर आपला तालुका कुठे शोधणार? सर्वेक्षण विभागाच्या कागदाइतक्या बारकाव्याने गोल करायचा म्हटले, तर त्याचा व्यास २५५ मीटर होईल. म्हणजे साडेतीन कुतुबमिनार एकावर एक! तो ना घडी घालता येणार, ना खिशात घालता येणार. शिवाय गोलाची एकावेळी एकच बाजू दिसते. तेव्हा नकाशाला पर्याय नाही. जग समजून घ्यायला गोल, आणि वाट काढायला नकाशा, अशी कामाची वाटणी करावी हे बरे.

आता यापुढे नवा नकाशा समोर आला की दोन गोष्टी करा. पहिली, ग्रीनलंड आणि आफ्रिका शेजारी धरून पाहा. दोन्ही सारखी दिसली, तर हा कोन सांभाळणारा नकाशा आहे, त्यावरून देशांचे मोठेपण ठरवू नका. ग्रीनलंड आफ्रिकेपुढे अगदी लहान दिसले, तर क्षेत्रफळाची काळजी घेतलेली आहे. मग आकार कुठे ताणले आहेत ते शोधा. दुसरी गोष्ट, नकाशाच्या कोपऱ्यातला बारीक मजकूर वाचा. चांगल्या नकाशावर प्रक्षेपणाचे नाव तिथे लिहिलेले असते.

आणि तुमच्या गावच्या शाळेत कपाटावर धूळ खात पडलेला पृथ्वीचा गोल असेल, तर गुरुजींना सांगून तो खाली काढा. हातभर दोरा घ्या. मुलांना म्हणावे, मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत ताणा, मग भिंतीवरच्या नकाशावर तीच रेघ काढून दाखवा. पुढचे प्रश्न मुले आपणहून विचारतील.